दोन विहिणी, एक सिनेमा

१२ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नाही. का ते तुम्हाला कळेल. फोनच करणार होते, पण गेल्या दोन्ही वेळा आपण फोनवर नुसत्या श्वास घेत बसलो आणि शेवटी "बरं, ठेवते" म्हणून ठेवून दिला. शिवाय घरात लेक असते. तुमचं नाव दिसलं की मी फोन घेऊन गॅलरीत जाते, आणि ती टीव्हीचा आवाज वाढवते. त्यापेक्षा कागद बरा. आपले लेख तरी आपण कुठे टाइप करतो?

तर, चित्रपट महोत्सवाचे पास आले. आपल्या दोघींचे एकाच पाकिटात. गळ्यात घालायची निळी पट्टी, तिला कार्ड, कार्डावर आपले फोटो (तुमचा चांगला आलाय, मी पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते) आणि खाली छापलंय, "चित्रपट समीक्षक". पाकीट मी दवाखान्याच्या काउंटरवरच फोडलं. दाताचे डॉक्टर बाहेर डोकावले आणि म्हणाले, "कुणाचं हो हे?" म्हटलं, "माझं." ते हसले. मी हसत नाही असं बघून थांबले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

अर्ज केला तेव्हा मुलांचं बरं चाललंय असंच आपण धरून चाललो होतो. आता घटस्फोटाचा कागद हातात येऊनही दोन महिने झाले. कुणी कुणावर हात उगारला नाही, कुणी कुणाला फसवलं नाही, एक कपबशीसुद्धा फुटली नाही. एखादा सिनेमा कुठे फसला हे आपण दहा ओळींत सांगतो. हे कुठे फसलं ते मला अजून सापडत नाही. तुम्हाला सापडलं असेल तर कळवा.

जायचं का आपण? खरं सांगू, मला जावंसं वाटत नाही आणि न जावंसंही वाटत नाही. हल्ली सगळ्याचंच तसं झालंय. भूल दिल्यावर पेशंट स्वतःच्या गालावर बोट मारून बघतात ना, गाल आहे की गेला, तशी मी दिवसभर स्वतःला बोट मारून बघते. पण सहा वर्षांपूर्वी, मुलांच्या नव्या घरात सामान लागत असताना, "जरा पडद्याचं कापड बघून येतो" म्हणून आपण दोघी सटकलो होतो आणि सिनेमाला जाऊन बसलो होतो. बाहेर पडल्यावर फुटपाथवर भांडलो. त्या भांडणाचं संपादकांनी सदर केलं. महोत्सवाला जायचं तेव्हापासून बोलतोय. पहिल्यांदा बोलावणं आलंय, तर जाऊन येऊ. एका खोलीत दोन खाटा मिळतायत. खिडकीकडची तुमची.

उत्तर दवाखान्यावर पाठवा.

तुमची,
विहीण (सवयीने)


२० जानेवारी

सप्रेम नमस्कार,

वर काय लिहून हाक मारावी ते सुचेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे. रागावू नका. तुमचं "सवयीने" वाचलं आणि माझी पंचाईत झाली.

मला यायला जमणार नाही. दुकानातल्या धुलाईच्या मोठ्या मशीनचा पट्टा तुटला आणि त्याच आठवड्यात ह्यांची कंबर धरली. मशीन दुरुस्त करणारा निदान येतो तरी, कंबर दुरुस्त करणारा कुणी येत नाही. कोट, सूट, पडदे सगळे ढीग लावून पडलेत. इस्त्रीवाल्या बाई एकट्या काय काय करणार?

तुम्ही मात्र जा. माझ्यासाठी म्हणून जा. संपादकांशी बोलले, ते चार-पाच सिनेमे घरी बघायची सोय करून देतायत. तुम्ही तिथे बघा, मी इथे बघते, दोघींचं मिळून सदर होईल. माझा पास तेवढा पाठवून द्या. आठवण म्हणून ठेवीन.

संपादकांनी एक विचारलं, तेही सांगून टाकते. "सदराचं नाव तेच ठेवायचं ना, 'दोन विहिणी, एक सिनेमा'?" मी म्हटलं, त्यांना विचारून सांगते. म्हणजे तुम्हाला.

कुठे फसलं ते मलाही माहीत नाही. चिरंजीवांना एकदा विचारलं तर म्हणाले, "आई, तू शोधू नकोस." मग मी शोधणं सोडलं.

ती नीट जेवते ना? तिचा हिरवा कोट दुकानात आहे. धुऊन, कव्हर घालून टांगलाय. न्यायला कुणी आलं नाही म्हणून कळवते, बाकी काही नाही.

तुमची,
(इथेही कोरंच)


९ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

सदराचं नाव तेच राहू दे. कोण कुणाची काय लागते हे वाचकांना कुठे माहीत आहे? दुसरं काही सुचतही नाही.

मी पोचले. आज दुसरा दिवस. थिएटरसमोरच्या उपाहारगृहात बसून लिहितेय. टेबल डुगडुगतंय, अक्षर सांभाळून घ्या.

इथे सगळे धावत असतात. एक सिनेमा संपला की नावं पडद्यावर असतानाच उठतात आणि दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहतात. रांगेत उभ्याउभ्याच मोबाइलवर परीक्षण लिहितात. आपल्याला एकेका वाक्यासाठी दोन-दोन दिवस लागतात हे मी कुणाला सांगितलं नाही. काल रांगेत एका दाढीवाल्यानं विचारलं, "आपण कुठून?" मी म्हटलं, "दाताच्या दवाखान्यातून." तो नुसता "अच्छा" म्हणाला. नंतर लक्षात आलं, कुठल्या मासिकाकडून असं त्याला विचारायचं होतं. बहुतेक त्यानं 'दाताचा दवाखाना' हे मासिकाचं नाव समजून लिहून घेतलं असणार.

पहिल्याच खेळाला मी परीक्षकांच्या राखीव ओळीत जाऊन बसले. कुणी उठवलं नाही, नुसतं माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत राहिले, तेव्हा मीच उठले. मध्यंतर कधी होईल असं शेजारच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "इथे मध्यंतर नसतं, काकू." पावणेतीन तास. एक माणूस कपाट पाठीवर घेऊन डोंगर चढतो. का, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. संपल्यावर दिग्दर्शक आला. लोकांनी त्याला प्रश्न विचारले. प्रश्न इतके लांब, की विचारणाराच मध्ये कुठेतरी हरवायचा. मला विचारायचं होतं की कपाटात काय होतं, पण ते कुणीच विचारत नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले.

आज सकाळी एक आई आणि आंधळी होत चाललेली मुलगी असा सिनेमा होता. अख्खं थिएटर रडलं. दाढीवालासुद्धा. तुम्ही असता तर तुमचा रुमाल भिजून माझाही गेला असता. त्या शेजारच्या मुलीनं मला कागदी रुमाल दिला. मी घेतला आणि त्यानं चष्मा पुसला. माझे डोळे कोरडे ठाक. सिनेमा वाईट नव्हता हो. कॅमेरा कुठे ठेवलाय ते कळत होतं, संगीत कधी थांबवलं ते कळत होतं. आई मुलीला जिन्याच्या पायऱ्या मोजायला शिकवते तिथे रडायचं, हेही कळत होतं. नुसतं कळत होतं. वहीत लिहिलं, "प्रसंग प्रभावी". लिहून झाल्यावर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य वाटलं.

खिडकीकडची खाट रिकामी आहे. तिच्यावर मी कपडे ठेवते.

मशीनचं काय झालं? आणि कंबरेचं? उद्या दुपारी तो दोन बहिणींचा सिनेमा आहे, बसस्टँडवर खानावळ चालवतात त्या. तुम्हाला घरी बघायला मिळालेल्यात तोही आहे ना? मग त्याचंच लिहू दोघी.

तुमची,
विहीण


१८ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार,

पत्र पोचलं. दाताच्या दवाखान्याचं ह्यांना वाचून दाखवलं. हसताना त्यांची कंबर पुन्हा धरली. मशीन सुरू झालं. दुकानात मरणाची गर्दी आहे, म्हणून उशीर.

कपाटवाला मीही पाहिला. अर्ध्यात झोपले. जागी झाले तर तो अजून चढतच होता, त्यामुळे काही बुडालं नाही.

दोन बहिणींच्या सिनेमाचा माझा भाग सोबत पाठवतेय. नेहमीसारखा आधी तुम्ही वाचा, खोडा, मग तुमचा भाग जोडून संपादकांना द्या. मला तो सगळ्यात आवडला. लिहिलंय ते असं:

"बहिणी फारसं बोलत नाहीत. एक पीठ मळते, दुसरी गिऱ्हाइकं बघते. मधेच एका मोठ्या भांडणाच्या प्रसंगात भाषांतराची खालची अक्षरं गायब होतात आणि परक्या भाषेतलं भांडण आपल्या अंगावर येतं. प्रेक्षक चुळबुळ करतात, कुणीतरी ओरडतं. पण खरं तर एक शब्दही न कळता सगळं कळतं. धाकटी काय लपवतेय ते थोरलीला माहीत नाही, आणि धाकटीला सांगता येत नाहीये. हे भाषांतराशिवाय इतकं स्वच्छ पोचतं, की अक्षरं परत आल्यावर उलट अडथळाच वाटतो."

बरं जमलंय का? "स्वच्छ" हा आमच्या धंद्यातला शब्द. हवा तर बदला.

तुम्हाला रडू आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. प्रवासानं होतं तसं.

तुमची


२५ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमचा भाग वाचला. एकही शब्द खोडला नाही. तुम्ही आजवर लिहिलेल्यातला हा सगळ्यात चांगला आहे.

फक्त अक्षरं गायब होतात हे सिनेमात नाही. त्या दुपारी यंत्रात बिघाड झाला होता. मी तुम्हाला ते कळवलं नव्हतं, कारण पत्र आदल्या दिवशीच टाकलं होतं. वाटलं, घरच्या प्रतीतही तसंच असेल. म्हणून संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "छे हो, घरी पाठवलेल्यात सगळी अक्षरं आहेत. मी स्वतः बघितलाय."

आणि कोण ओरडलं, तेही घरी बसून ऐकू येणार नाही.

तुम्ही तिथे होतात.

मी यावर विचार करून बघितला. दवाखान्यात दिवसभर फोन घेतले, लोकांना वेळा दिल्या, आणि मधे मधे विचार केला. मशीन, कंबर, पास आठवण म्हणून ठेवीन वगैरे. राग यायला हवा होता. तो आला की नाही ते मला सांगता येत नाही.

एवढंच विचारते. मी इतकी नकोशी झाले का, की मला चुकवून मागे कुठेतरी बसावं लागलं?

लेख संपादकांना दिला. तुमचा भाग वर, माझा खाली.


२ मार्च

विहीणबाई,

लिहिलं शेवटी. आता कोरी जागा सोडून चालणार नाही.

हो, आले होते. एकच दिवस. हँगर आणायला घाऊक बाजारात जाते असं ह्यांना सांगून निघाले आणि येताना खरंच हँगर घेऊन आले, म्हणजे खोटं कमी होईल असं वाटलं. तुमच्या शेजारी येऊन बसायचं ठरवूनच निघाले होते. पास गळ्यात घातला, थिएटरात शिरले, आणि तुम्ही दिसलात. मधल्या ओळीत, कडेपासून तिसऱ्या. शेजारच्या खुर्चीवर तुमची पर्स ठेवलेली होती. थिएटर भरत होतं. एक बाई आल्या, त्यांनी विचारलं, "इथे कुणी आहे?" तुम्ही म्हणालात, "येतायत." मग एक जोडपं आलं. तुम्ही पुन्हा तेच, "येतायत." मी तुमच्या मागे चार पावलांवर उभी होते.

मी येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही जागा धरून बसला होतात. मग माझे पाय पुढे जाईनात. शेवटच्या ओळीत जाऊन बसले. अक्षरं गेली तेव्हा सगळे मागे वळून वरच्या यंत्राच्या खोलीकडे बघायला लागले. आता तुम्हीही वळणार म्हणून मी खाली वाकून चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती. तुम्ही वळलाच नाहीत. सरळ पडद्याकडे बघत बसलात.

आता का, ते. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चिरंजीव दुकानात आले. राखाडी सूट काउंटरवर ठेवला. म्हणाले, "आई, हा रविवारी लागेल."

मी म्हटलं, "रविवारी काय आहे?"

"तिच्या घरी जायचंय. ठरवायला."

"कुणाच्या घरी? काय ठरवायला?"

"लग्न," तो म्हणाला. "माझं. साधंच करणार आहोत, सही करून. एप्रिलमध्ये."

मी पावती फाडली. सवयीनं हो, नाहीतर पोटच्या पोराला कोण पावती देतं? सूट, एक, राखाडी. डाव्या बाहीवर डाग. "कधी हवाय?" विचारलं. तो म्हणाला, "शुक्रवारी दे." आणि पावती खिशात घालून गेला. शुक्रवारी मी सूट तयार ठेवला. डाग पूर्ण निघाला होता.

हे तोंडात धरून मी तुमच्याबरोबर एका खोलीत चार दिवस कशी राहणार होते? सांगितलं असतं तर तुमचा महोत्सव बुडाला असता. नसतं सांगितलं तर खिडकीकडच्या खाटेवर झोप लागली नसती. आणि आधी ते तुमच्या लेकीला कळायला हवं होतं, माझ्याकडून नाही, तुमच्याकडून. ते ओझं तुमच्यावर टाकायचं धाडस झालं नाही. आता टाकलं.

तुम्ही नकोशा नाही झालात. काय झालात ते मला लिहिता येत नाही. आपल्यातलं नातं ज्यानं बांधलं होतं ते सुटलं, आणि मी तरी अजून तिथेच उभी आहे. चिरंजीवांनी ठरवलेली मुलगी आहे चांगली. फिजिओथेरपिस्ट आहे. ह्यांच्या कंबरेला व्यायाम दाखवून गेली, तर बरं वाटतंय त्यांना. हेही लिहायला नको होतं बहुतेक.

तुमची,
विहीण


९ मार्च

प्रिय विहीणबाई,

पर्स ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर कुणीतरी कॉफी सांडली होती.

बरं, ते जाऊ दे. कॉफी सांडली नव्हती.

लेकीला सांगितलं. दोन दिवस मनात वाक्य जुळवत होते, समीक्षक म्हणवते ना स्वतःला. शेवटी ती फ्रीज पुसत होती तेव्हा सगळं वाक्य विसरले आणि म्हटलं, "त्याचं लग्न ठरलंय."

ती फ्रीजमधून डोकं बाहेर न काढता म्हणाली, "माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. फोन केला होता मागे. नीट बोलला."

"मागे म्हणजे कधी?"

"झाले दोन-तीन महिने. आई, ही बरणी कसली आहे? फेकू?"

"मला का नाही सांगितलंस?"

आता ती उभी राहिली. फडकं पिळलं. म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याबरोबर सिनेमाला जायचं बंद केलं असतंस. एवढं एकच तर करतेस तू."

मी म्हटलं, "मग त्यांचा फोन आला की टीव्हीचा आवाज का वाढवतेस?"

"तुला बोलता यावं म्हणून. तूच गॅलरीत जातेस चोरासारखी. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलायचं असेल."

बघा. तिनं मला सांगितलं नाही, तुम्ही मला सांगितलं नाही, मी तुम्हाला काही विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून माझा एक सिनेमा वाचवला, आणि तो मी एकटीनं कोरड्या डोळ्यांनी बघून आले.

बरणी फेकली. मग आम्ही दोघींनी चहा घेतला. ती रडली नाही, मीही नाही. हिरवा कोट पाठवू नका, ती येऊन नेईल म्हणते. येईल तेव्हा तिला चहा द्या आणि काही विचारू नका.

तुमच्यावर राग नाही. शोधून बघितला. खालच्या कप्प्यात असेल तर असेल, आत्ता हाताला लागत नाही. त्या मुलीचंही काही वाईट वाटत नाही. कंबर बरी होतेय हे चांगलंच आहे.

आता तुम्हाला नव्या विहीणबाई येतील. तो मान त्यांचा, द्यायलाच हवा. त्यांच्याशी गोड बोला, त्यांच्या घरी जा, त्यांना घरी बोलवा, पडद्याचं कापड एकत्र बघा. एक मात्र सांगते, मला हक्क आहे की नाही ते माहीत नाही, तरी सांगते. त्यांना सिनेमाला नेऊ नका.

हे लिहिताना पेन जरा थांबलं. काल-परवापर्यंत ते कशानंच थांबत नव्हतं.

तुमची


२४ एप्रिल

प्रिय विहीणबाई,

लग्न झालं. पंधरा माणसं, दोन सह्या, संध्याकाळी जेवण. सूट चांगला दिसत होता.

तुमची लेक आधीच येऊन कोट घेऊन गेली. चहा घेतला. मी काही विचारलं नाही. तिनंच ह्यांना कंबरेचं विचारलं. जाताना मला वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला अर्ध्यातच धरलं, आणि मग आम्ही तशाच काउंटरशी उभ्या राहिलो. एक गिऱ्हाईक पावती हातात धरून वाट बघत होतं. बघू दे म्हटलं.

जेवणाच्या वेळी त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणजे मुलीची आई. बोलायला चांगल्या आहेत, हसतमुख. म्हणाल्या, "तुम्हाला सिनेमाची फार आवड आहे म्हणे? लिहिताही म्हणे? मलाही भारी वेड आहे हो. आता आपण दोघी मिळून जात जाऊ."

सगळे ऐकत होते. चिरंजीवसुद्धा.

मी म्हटलं, "कुणी सांगितलं? मला अंधारात बसवत नाही. डोकं दुखतं."